धावताना संगीताची सोबत : प्लेअर घेण्यापूर्वी

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मैदाने आणि जॉगिंग ट्रॅक गजबजतात. फेब्रुवारी संपेपर्यंत त्यातील बरेच चेहरे दिसेनासे होतात. विचारले तर कोणी गुडघ्याचे कारण सांगतो, कोणी कामाच्या व्यापाचे. प्रत्यक्षात अनेकांना घरी बसवतो तो कंटाळा. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती किंवा रंकाळ्याच्या काठाने त्याच त्या फेऱ्या मारताना मन रमवायला काही नसते आणि लक्ष घड्याळाच्या काट्याकडे लागते. यावर उपाय म्हणून कानाला गाणी लावून धावण्याची कल्पना बहुतेकांना कधी ना कधी सुचते. मग प्रश्न येतो तो खरेदीचा. दुकानात किंवा संकेतस्थळावर साधनांची एवढी गर्दी असते, की आवाजाचा दर्जा, कंपनीचे नाव आणि किंमत एवढ्यावरच निवड केली जाते. धावणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या तिन्ही बाबी नंतरच्या आहेत. कानाची सुरक्षितता, रस्त्यावरचे भान, वजन आणि हाताळणी यांचा विचार आधी व्हायला हवा.

कंटाळ्यावर संगीत कसे काम करते?

एकसुरी श्रम गाण्याच्या साथीने हलके करण्याची युक्ती मराठी माणसाला नवी नाही. पहाटे जात्यावर बसलेल्या स्त्रियांच्या ओव्या आणि मोट हाकणाऱ्याची गाणी याच गरजेतून जन्माला आली. आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर दिवसेंदिवस चालतो, तेव्हा भक्तीबरोबरच लयही त्याच्या पायांना बळ देत असते.

या अनुभवाची मोजदाद करण्याचा प्रयत्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाला. अमेरिकेतील संशोधक लिओनार्ड आयर्स यांनी न्यूयॉर्कमधील सहा दिवसांच्या सायकल शर्यतीची निरीक्षणे १९११ मध्ये प्रसिद्ध केली. वाद्यवृंद वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी १९.६ मैल, तर तो थांबलेला असताना १७.९ मैल असल्याचे त्यांना आढळले. अलीकडच्या काळात लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागेओर्गिस यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्यासह काही संशोधकांनी १३९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध केले. संगीतामुळे व्यायाम करणाऱ्याचे मन अधिक प्रसन्न राहते, श्रम कमी जाणवतात आणि कामगिरीतही थोडी सुधारणा होते, असा त्याचा निष्कर्ष होता. यात ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्लेअर घेतल्याने कोणी शर्यत जिंकत नाही. मात्र तीस मिनिटांचे धावणे वीस मिनिटांसारखे वाटू शकते आणि नवशिक्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट चढवावेसे वाटण्यासाठी तेवढे पुरते.

या परिणामाला मर्यादाही आहे. संगीत मनाला श्रमाच्या जाणिवेपासून दूर नेते, पण ते हलक्या आणि मध्यम वेगातच. धाप लागेपर्यंत वेग वाढवला, की छातीचे आणि पायांचे संदेश इतके तीव्र होतात, की गाण्याकडे लक्षच राहत नाही. मॉर्गन आणि पोलॉक या अमेरिकी संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की अव्वल दर्जाचे मॅरेथॉनपटू धावताना मन अन्यत्र गुंतवण्याऐवजी आपला श्वास, स्नायू आणि गती यांकडे सतत लक्ष देतात. थोडक्यात, रोजच्या सावकाश धावण्यासाठी प्लेअर उपयोगी आहे. वेगाच्या सरावाच्या दिवशी तो घरी राहिला तरी फारसे बिघडत नाही.

वॉकमनपासून मनगटापर्यंत

जपानच्या सोनी कंपनीने पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी बाजारात आणला. सुमारे ३९० ग्रॅम वजनाचे ते निळे-रुपेरी यंत्र आज जड वाटेल. पण चालता-फिरता स्वतःपुरते संगीत ऐकण्याची सवय जगाला त्याने लावली. त्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन जोडण्याची सोय होती आणि एक केशरी बटणही होते. ते दाबले, की गाण्याचा आवाज खाली जाई आणि छोट्या मायक्रोफोनमधून शेजारच्याचे बोलणे कानात येई. संगीत ऐकणारा माणूस भोवतालापासून तुटू नये, ही काळजी पहिल्याच यंत्रात घेतली गेली होती. धावणाऱ्यासमोरचा मुख्य प्रश्न आजही तोच आहे.

पुढे १९८३ मध्ये पाण्याचे शिंतोडे सोसणारा पिवळा ‘स्पोर्ट्स वॉकमन’ आला. १९८४ मध्ये आलेल्या सीडी प्लेअरचा आवाज अधिक स्वच्छ होता. मात्र पावलागणिक बसणाऱ्या हिसक्यांनी तबकडी अडखळत असल्याने धावणाऱ्याला त्याचा उपयोग कमीच झाला. फिरत्या भागांची ही अडचण १९९८ मध्ये एमपी-थ्री प्लेअरने दूर केली. ‘एमपीमॅन’ आणि ‘रिओ’ या सुरुवातीच्या प्लेअरमध्ये ३२ एमबी साठवण होती. त्यात जेमतेम अर्ध्या तासाची गाणी मावत. पण कितीही उड्या मारल्या तरी गाणे अडखळत नसे.

अ‍ॅपलचा पहिला ‘आयपॉड’ ऑक्टोबर २००१ मध्ये आला. त्यात हार्ड डिस्क होती आणि वजन १८४ ग्रॅम होते. धावणाऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला तो जानेवारी २००५ मधील ‘आयपॉड शफल’. केवळ २२ ग्रॅम वजन, पडदा नाही आणि मोजकी बटणे. पुढच्याच वर्षी त्याला कपड्याला अडकवायची क्लिप मिळाली. बुटातल्या संवेदकाच्या साह्याने अंतर आणि वेग सांगणारी ‘नाइकी प्लस आयपॉड’ ही जोडणीही २००६ चीच. स्मार्टफोन घरोघरी पोहोचल्यावर या साधनांचे दिवस भरले. अ‍ॅपलने ‘शफल’ आणि ‘नॅनो’ २०१७ मध्ये, तर उरलेला ‘आयपॉड टच’ २०२२ मध्ये बंद केला. शफलने दाखवलेला हलकेपणा आणि न बघता चालवता येणारी बटणे हे गुण मात्र आजही धावण्याच्या साधनाची कसोटी आहेत.

आधी कानाचा हिशेब

आवाजामुळे होणारे कानाचे नुकसान दोन गोष्टींवर अवलंबून असते : आवाज किती मोठा आणि तो किती वेळ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानते. डेसिबलचे माप साध्या बेरजेने चालत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला, की सुरक्षित वेळ निम्मी होते. त्यामुळे ९० डेसिबलला आठवड्याचे सुमारे ४ तास उरतात, ९५ डेसिबलला सव्वा तास आणि १०० डेसिबलला अवघी २० मिनिटे. आठवड्यातून चार दिवस तासभर धावणारा माणूस ९० डेसिबलने गाणी ऐकत असेल, तर त्याचा आठवड्याचा सगळा वाटा धावण्यातच संपतो. लोकलमधील प्रवास, कार्यालयातील फोन आणि रात्रीचा चित्रपट यांचा आवाज त्यावर जमा होतो.

आंतरकर्णातील सूक्ष्म केसपेशी ध्वनीचे रूपांतर मेंदूकडे जाणाऱ्या संदेशात करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. नुकसान हळूहळू होते आणि सुरुवातीला जाणवतही नाही. धावून आल्यावर कानात गुणगुण ऐकू येणे, घरच्यांचे बोलणे काही काळ दबल्यासारखे वाटणे किंवा गर्दीत शब्द नीट न कळणे या खुणा दिसल्या तर आवाज खाली आणावा. त्या टिकून राहिल्यास कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

आवाज किती डेसिबल आहे हे कळायचे कसे? अनेक स्मार्टफोन आणि घड्याळे हेडफोनमधील आवाजाची पातळी आणि आठवड्याची बेरीज दाखवतात. तशी सोय नसलेल्या प्लेअरसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे : आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांवर नेऊ नये. घराच्या शांततेत सुखद वाटेल अशी पातळी ठरवून घ्यावी आणि रस्त्यावर ती वाढवण्याचा मोह टाळावा. आवाजाची कमाल मर्यादा आधीच बांधून ठेवण्याची सोय असलेले साधन मिळाले तर उत्तम. विशेषतः ते घरातील मुलांच्याही हाती जाणार असेल तर.

रस्ता ऐकू आला पाहिजे

येथे धावणाऱ्यासमोर एक पेच उभा राहतो. कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवतात, त्यामुळे कमी आवाजातही गाणे स्पष्ट ऐकू येते. कानाच्या आरोग्याला ते हितकारक. पण मागून येणाऱ्या बसचा भोंगा, सायकलची घंटी आणि कुत्र्याचे गुरगुरणेही ते अडवतात. उलट, कान मोकळा ठेवणाऱ्या साधनांतून रस्ता ऐकू येतो. पण वाहनांच्या गोंगाटात गाणे बुडते आणि बोट आवाज वाढवण्याच्या बटणाकडे जाते.

दोन्ही बाजू एकाच वेळी सांभाळणारे एकही साधन नाही, म्हणून उत्तर धावण्याच्या जागेवरून ठरवावे लागते. व्यायामशाळेतील ट्रेडमिलवर किंवा वाहनांना बंदी असलेल्या मैदानात घट्ट इअरफोन चालतात. वाहता रस्ता, पूल, चौक आणि घाट येथे मोकळ्या कानाचे साधनच योग्य. आणि ६० टक्के आवाजात गाणे ऐकूच येत नसेल इतका रस्ता गजबजलेला असेल, तर तो संगीतासाठी योग्य रस्ता नाही असे समजून यंत्र बंद करावे.

मोकळ्या कानाच्या साधनांत सध्या तीन प्रकार आढळतात. पहिला ‘बोन कंडक्शन’चा. यात कानाच्या पुढे टेकलेला भाग हाडामार्फत कंपने आंतरकर्णापर्यंत पोहोचवतो आणि कानाचे छिद्र पूर्ण मोकळे राहते. खर्जाचे सूर त्यात काहीसे पातळ वाटतात. कानात काहीच जात नसल्याने कान सुरक्षित राहतो, हा समज मात्र चुकीचा आहे; कंपने अखेर त्याच केसपेशींपर्यंत पोहोचतात, म्हणून आवाजाची मर्यादा येथेही पाळावी लागते. दुसरा प्रकार कानावर अडकवायच्या छोट्या स्पीकरचा. तो आवाजाला सरस असतो, पण वाऱ्यात गाणे विरते. तिसरा प्रकार बाहेरचा आवाज मायक्रोफोनने आत घेणाऱ्या इअरबडचा. पहिल्या वॉकमनच्या केशरी बटणाचा हा आधुनिक अवतार. धावताना मायक्रोफोनवर वारा आदळला, की त्यात घोंघावल्यासारखा आवाज येऊ शकतो. शिवाय बॅटरी संपली, की कानात नुसते बूच उरते.

एकाच कानात इअरफोन घालण्याचा जुना उपाय काही प्रमाणात उपयोगी असला, तरी आवाज नेमका कोणत्या दिशेने आला हे ओळखण्यासाठी दोन्ही कान लागतात. विजेवर चालणाऱ्या दुचाक्या तर मोकळ्या कानांनाही उशिरा ऐकू येतात. पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने धावणे केव्हाही श्रेयस्कर. रस्ता किंवा रेल्वे रूळ ओलांडण्यापूर्वी संगीत थांबवावे. कानात इअरफोन असल्याने गाडीचा भोंगा ऐकू न आल्याच्या दुर्घटना मुंबईकरांना अपरिचित नाहीत.

कोणासाठी कोणते साधन?

हातात असलेला फोन : पहिले दोन महिने नवे काहीही विकत न घेता फोनवरच भागवावे, हे बहुतेकांच्या हिताचे. अडीअडचणीला संपर्काची सोय राहते आणि अंतरही मोजले जाते. तोटा वजनाचा. आजचे बरेच फोन १७० ते २०० ग्रॅम किंवा त्याहून जड असतात. हातात धरून धावल्यास खांदा आखडतो, खिशात ठेवल्यास तो आपटत राहतो. दंडावरच्या पट्ट्यापेक्षा कमरेला घट्ट बसणारा पट्टा अधिक सोयीचा ठरतो, कारण वजन शरीराच्या मध्यावर राहते.

क्लिपचा छोटा प्लेअर : वजनाने नगण्य, खरी बटणे, स्वस्त आणि लक्ष विचलित न करणारा. धावताना कार्यालयाचे संदेश नको असतील त्याला हाच योग्य. मात्र खरेदीपूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी : मासिक वर्गणी भरून संगीत पुरवणाऱ्या अ‍ॅपवर ‘डाउनलोड’ केलेली गाणी अशा साध्या प्लेअरवर चालत नाहीत. ती त्या अ‍ॅपमध्येच बंदिस्त असतात. साध्या प्लेअरला स्वतःच्या मालकीच्या फायली लागतात. जुन्या सीडींवरून संगणकात घेतलेली किंवा विकत घेतलेली गाणी. ज्याच्याकडे असा संग्रह नाही, त्याला हा प्लेअर पहिल्याच दिवशी रिकामा वाटेल.

संगीत साठवणारे घड्याळ : अंतर, नाडीचे ठोके आणि गाणी हे सारे मनगटावर. काही घड्याळांत वर्गणीच्या अ‍ॅपमधील गाणीही साठवता येतात. पण कोणत्या घड्याळाला कोणते अ‍ॅप चालते, हे घेण्यापूर्वी तपासावे लागते. किंमत मोठी आणि गाणी वाजत असताना बॅटरी झपाट्याने उतरते. केवळ कंटाळा घालवण्यासाठी एवढा खर्च करण्याचे कारण नाही. घड्याळ घेण्याचे आधीच ठरले असेल, तर ही सोय विचारात घ्यावी.

हेडफोनमध्येच सामावलेला प्लेअर : प्रामुख्याने पोहणाऱ्यांसाठी निघालेल्या अशा काही संचांत ४ जीबी किंवा अधिक साठवण असते. ना फोन, ना वायर. पावसाळ्यात धावणाऱ्यांना हा प्रकार सोयीचा ठरतो. येथेही गाण्यांच्या फायली स्वतःच्याच लागतात.

खरेदीपूर्वीची तपासणी

साठवण : साधारण दर्जाची एमपी-थ्री फाइल मिनिटाला सुमारे १ एमबी जागा घेते. या हिशेबाने ८ जीबीमध्ये सुमारे १३० तासांची गाणी मावतात. त्यामुळे केवळ धावण्यासाठी अधिक साठवणीचे पैसे मोजण्याची गरज नसते. अतिशय स्वस्तात मिळणाऱ्या मोठ्या साठवणीच्या मेमरी कार्डांपासून सावध राहावे. बनावट कार्डांवर लिहिलेली आणि प्रत्यक्षातली साठवण यांचा मेळ बसत नाही.

बटणे : दुकानात यंत्र हातात घ्यावे, डोळे मिटावेत आणि गाणे थांबवून पाहावे. जमले नाही तर धावतानाही जमणार नाही. घामाने ओल्या बोटांना स्पर्शाचा पडदा दाद देत नाही. ‘थांबवा’चे बटण सर्वांत सहज सापडले पाहिजे, कारण रस्त्यावर तेच सर्वांत महत्त्वाचे असते.

घाम आणि पाऊस : खोक्यावर ‘आयपी’ ही अक्षरे आणि पुढे दोन चिन्हे असतात. पहिले धुळीपासूनचे संरक्षण सांगते, दुसरे पाण्यापासूनचे. ‘आयपीएक्स ४’ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारे. धावण्यासाठी किमान एवढे हवेच. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारे. कोकण-मुंबईच्या पावसात धावायचे असेल तर ही पातळी पाहावी. या चाचण्या गोड्या पाण्याने होतात, घाम मात्र खारट असतो. म्हणून वॉरंटीत घामामुळे झालेल्या बिघाडाचा समावेश आहे का, हे वाचून घ्यावे.

पक्की बैठक : इअरफोन कानात बसतात की नाही, हे उभ्याने कळत नाही. जागेवर वीस-तीस उड्या मारून आणि मान दोन्ही बाजूंना वळवून पाहावी. रबरी टोके तीन मापांची असतील तर आपल्या मापाचे निवडता येते. चष्मा वापरणाऱ्यांनी तो घालूनच कानामागच्या कडीची चाचणी घ्यावी.

वायर की ब्लूटूथ : वायरचे इअरफोन स्वस्त, हलके आणि चार्जिंगच्या कटकटीपासून मुक्त, वायर टी-शर्टच्या आतून घेतली, की हाताला अडकत नाही. एफएम रेडिओ ऐकायचा असेल तर वायर बहुधा हवीच, कारण अनेक साधनांत तीच अँटेनाचे काम करते. ब्लूटूथमध्ये ही अडगळ नाही, पण माणसाचे शरीर त्याच्या लहरी शोषून घेते. गाणे अधूनमधून तुटत असेल तर फोन किंवा प्लेअर दुसऱ्या बाजूच्या खिशात ठेवून पाहावा. बरेचदा तेवढ्यानेच काम होते.

बॅटरी : कंपनीने सांगितलेल्या तासांपैकी काही वर्षांनी बरेच कमी होतात. चिमुकल्या इअरबडची बॅटरी सहसा बदलताही येत नाही. सर्वांत लांब धावण्याला जितका वेळ लागतो, त्याच्या किमान दुप्पट वेळ चालणारे साधन निवडावे.

मराठी नावे : स्वस्त प्लेअरच्या पडद्यावर देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन दिसण्याची शक्यता असते. दुकानात एखादी मराठी नावाची फाइल टाकून पाहावी. नाही दिसली तर फायलींना ०१, ०२ असे क्रमांक देण्यासाठी रोमन आकडे व अक्षरे वापरावीत. गाणीही ठरल्या क्रमाने वाजतील.

गाण्यांची लय

यंत्र कितीही चांगले असले तरी कंटाळा घालवतात ती गाणीच. कारागेओर्गिस यांच्या मते व्यायामासाठी मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोक्यांचे संगीत मानवते. गाण्याचे ठोके मोजणे सोपे आहे : घड्याळ लावून १५ सेकंद टाळीने ठेका धरावा आणि संख्येला ४ ने गुणावे. पावलेही अशीच मोजावीत. पावले मिनिटाला १६० पडत असतील तर १६० ठोक्यांचे गाणे जुळते. ८० ठोक्यांचेही जुळते, कारण प्रत्येक ठोक्याला दोन पावले पडतात. पावले आणि ठेका यांचा मेळ बसला, की गती एकसारखी राहते आणि श्रम कमी जाणवतात. इथिओपियाचा महान धावपटू हायले गेब्रसिलासी याने १९९८ मध्ये २००० मीटरचा बंदिस्त मैदानातील विक्रम मोडला, तेव्हा ‘स्कॅटमन’ हे गाणे मैदानात वाजवण्याची विनंती त्याने केली होती. त्याच्या पावलांना त्या गाण्याचा ठेका मानवत असे.

सुरुवातीची पाच-सात मिनिटे संथ गाणी, मध्ये ठेकेबाज आणि अखेरीस पुन्हा शांत असा क्रम लावल्यास शरीरालाही गरम होण्यास आणि निवण्यास वेळ मिळतो. यादी दर पंधरवड्याला बदलावी. तीच गाणी ऐकून आलेला कंटाळा रस्त्याच्या कंटाळ्याहून वाईट. लांब, सावकाश धावण्यासाठी कथाकथन, पुस्तकांचे ध्वनिमुद्रण किंवा मुलाखतीही चांगली सोबत करतात. नवशिक्याने मात्र जोशपूर्ण गाण्याच्या नादात पहिल्याच किलोमीटरला आपला वेग ओलांडत नाही ना, याकडे लक्ष द्यावे.

शर्यतीच्या दिवशी

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबई मॅरेथॉन २००४ पासून सुरू झाल्यावर हौशी धावपटूंची संख्या वाढत गेली. शर्यतीत प्लेअर चालतो का, हा प्रश्न त्यांना हमखास पडतो. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांनुसार स्पर्धेत रेडिओ, सीडी प्लेअर, मोबाइल यांसारखी साधने वापरणे ही बाहेरून घेतलेली मदत मानली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेने २००७ मध्ये सर्वच धावपटूंना हेडफोनची बंदी केली. ती अमलात आणणे अवघड असल्याचे दिसल्यावर पुढील वर्षी नियम सैल करण्यात आला आणि बंदी विजेतेपदासाठी व बक्षिसांसाठी धावणाऱ्यांपुरती उरली. ब्रिटनमध्ये २०१६ च्या नियमाने वाहतूक पूर्ण बंद नसलेल्या रस्त्यांवरील शर्यतींत हेडफोनला मनाई केली, पण बोन कंडक्शनच्या साधनांना सूट दिली. आयोजकांचे नियम शर्यतीगणिक बदलतात, म्हणून नाव नोंदवतानाच ते वाचावेत. गर्दीत मागून येणाऱ्याने मागितलेली वाट आणि रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येणे, हे नियम नसला तरी प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

देखभाल

धावून आल्यावर इअरफोन कोरड्या मऊ कापडाने पुसावेत आणि रबरी टोके काढून सुकवावीत. ओले इअरबड तसेच डबीत ठेवून चार्जिंगला लावल्यास धातूचे संपर्कबिंदू गंजतात. घाम आणि दमटपणा यांमुळे बंद कानात बुरशीचा संसर्ग बळावतो, म्हणून पावसाळ्यात कान कोरडे ठेवण्याची विशेष काळजी घ्यावी. कानात खाज किंवा ठणका असेल तर बरे होईपर्यंत इअरफोन घालू नयेत. एकाचे इअरफोन दुसऱ्याने वापरू नयेत.

प्लेअर घेतल्यानंतरही आठवड्यातून एखादा दिवस त्याच्याविना धावावे. श्वासाची लय, पावलांचा आवाज, गुडघ्याची बारीक कुरबुर हे सारे त्या दिवशी ऐकू येते आणि दुखापतीची सूचना वेळेवर मिळते. संगीत हे धावण्याची गोडी लागेपर्यंतचे आणि लागल्यानंतरही अधूनमधून हवेसे वाटणारे सोबती आहे. मापात ठेवलेल्या आवाजात ते ऐकले, तर धावणे थांबल्यानंतरच्या वर्षांतही गाणी ऐकण्यासाठी कान शाबूत राहतील.